वाचक विचारतात : बहिष्कार घालायचा, पण कोणावर?

बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचा बहिष्कार आणि घरची खरेदी या विषयावर बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांनी नाव छापू नका असे कळवले होते, म्हणून फक्त गावे दिली आहेत.

आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक यादी फिरते आहे. डावीकडे परदेशी वस्तू, उजवीकडे स्वदेशी पर्याय. बारकोड ८९० ने सुरू झाला तर माल भारतीय, असेही खाली लिहिले आहे. ही यादी पाळावी का?
— फोंडा

नको. आधी बारकोडचे सांगतो, कारण ही समजूत फार पसरली आहे. सुरुवातीच्या ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक जीएस-वन इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे. माल कुठे बनला, नफा कुठे जातो, यातले काहीही त्यावरून कळत नाही. स्विस कंपनीच्या भारतातल्या शाखेचा डबाही ८९० नेच सुरू होतो.

माल कुठला हे पाहायचे तर वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचावा लागतो. उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, आयात माल असेल तर आयातदार आणि मूळ देश, हे छापणे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनी सक्तीचे आहे. 'मार्केटेड बाय' आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' अशी दोन नावे दिसली तर दुसरे वाचा. बिस्किटे, साबण, बाटलीतले पाणी पुष्कळदा तिसऱ्याच कारखान्यातून करून घेतलेले असते. खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने झाला तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते दिसते. डोळे चांगले नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा, अक्षरे मुद्दामच बारीक असतात.

नावावरून गोत्र ओळखायला गेलात तर हमखास फसाल. 'थम्स अप' १९९३ पासून कोका-कोलाचे आहे. दक्षिणी मसाल्यांची एमटीआर २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्कलाने घेतली. उलट 'टेटली' हा अस्सल इंग्रजी वाटणारा चहा २००० पासून टाटांचा. अशा याद्या एकदा कोणीतरी बनवतो आणि वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या जातात. मधल्या काळात कंपन्यांची खरेदी-विक्री होऊन जाते.

पण यादीचा खरा दोष आणखी पुढे आहे. 'परदेशी' म्हणजे 'अनैतिक' असे तिने गृहीत धरले आहे. कोणी काय केले, आणि आपण काय मागतो, हा रकानाच त्यात नाही. मजुरीत कात्री मारणारा, सांडपाणी नदीत सोडणारा कारखानदार देशी असला म्हणून नदीला फरक पडत नाही. साठ वस्तू एकदम सोडणारे घर तीन आठवड्यांत कंटाळते, आणि ते का सोडले होते हे कंपनीला कधी कळतही नाही.

म्हणून एकच कंपनी घ्या, जिचा माल दर महिन्याला घरात येतो अशी. तिच्याविरुद्धची एकच गोष्ट धरा, आणि ती कागदावर सापडते का ते पाहा. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून दरवर्षी 'बीआरएसआर' नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल द्यावा लागतो. तो कंपनीच्या वार्षिक अहवालात मागच्या बाजूला असतो. त्यात नऊ तत्त्वे आहेत. पहिल्यात दंड आणि शिक्षा, तिसऱ्यात कामगारांचे अपघात व मृत्यू, पाचव्यात किमान वेतन व लैंगिक छळाच्या तक्रारी, सहाव्यात पर्यावरण कायद्यांचे पालन, नवव्यात ग्राहकांच्या तक्रारी. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांचे रकाने वेगवेगळे असतात. कंत्राटींचा रकाना आधी वाचा, फरक तिथेच दिसतो. बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांवर हे बंधन नाही, आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कित्येक भारतीय शाखा तशा आहेत. कारखाना गोव्यात असेल तर मग साळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'प्रदूषण होते का?' असे विचारू नका, त्याला 'नाही' हे उत्तर ठरलेले. चालवण्याच्या परवानगीची प्रत, त्यातल्या अटी, गेल्या तीन वर्षांतले तपासणी अहवाल आणि कारणे दाखवा नोटिसा मागा.

त्यानंतर पत्र. वेष्टनावर ग्राहक सेवेचा पत्ता व ईमेल असतोच. चार ओळी पुरतात : तुमचा अमुक माल आम्ही महिन्याला इतक्या रुपयांचा घेतो, अमुक कारणाने थांबवत आहोत, तुम्ही अमुक केलेत की पुन्हा घेऊ. रुपयांचा आकडा खरा लिहा. एका घराचे ४५० रुपये म्हणजे काही नाही. त्याच वसाहतीतल्या ४० घरांचे महिन्याला १८,००० होतात आणि पत्र वरच्या टेबलावर जाते. मागणीत तारीख आणि मोजता येण्याजोगे काहीतरी असू द्या. 'सुधारा' ही मागणी नव्हे. बार्कलेज बँकेने १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले, त्यामागे ब्रिटिश विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षांचा बहिष्कार होता. त्यांची मागणी एका वाक्यात मावत होती : वर्णद्वेषी राजवटीच्या देशातला धंदा बंद करा.

माझा पुतण्या चॉकलेट-नूडल्सच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. आम्ही बहिष्कार घातला तर पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडेल ना?
— डिचोली

भीती खोटी नाही. गोव्यात हा प्रश्न जवळचा आहे. नेस्लेचे दोन कारखाने इथेच आहेत, फोंड्याजवळ उसगावला १९९५ पासून आणि डिचोलीत मावळिंगेला १९९७ पासून. आणि योगायोग असा की जगातल्या सर्वांत लांबलेल्या बहिष्कारांपैकी एक याच कंपनीवरचा. तो कसा चालला ते पाहिले तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये तो सुरू झाला. तक्रार एकच होती, गरीब देशांत बाळाच्या दुधाच्या पावडरीचा ज्या तऱ्हेने प्रचार होतो त्याची. दवाखान्यात फुकट डबे वाटायचे. आईचे दूध आटले की डबा विकत घ्यावाच लागायचा. पैसे पुरेनात म्हणून पावडर पातळ करायची, पाणी अस्वच्छ, आणि मुले दगावायची. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुधाच्या पर्यायांच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. कंपनीने ती पाळायचे मान्य केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार मागे घेतला गेला, आणि पाळली जात नाही असे म्हणत १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाला. यात कारखाना बंद करा असे कोणी म्हणत नव्हते. विकण्याची पद्धत बदला, एवढेच म्हणणे होते.

भारतात तर याचा कायदाच झाला, १९९२ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. दोन वर्षांखालच्या बाळाचे पर्यायी दूध, बाळाचा आहार आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने देता येत नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटी देता येत नाहीत, डब्यावर बाळाचा फोटो चालत नाही. म्हणजे या एका बाबतीत तुम्हाला बहिष्काराचीही गरज नाही. प्रसूतिगृहात कोणी नमुना हातात ठेवला, तर डब्याचा फोटो, तारीख आणि ठिकाण नोंदवून तक्रार करा. कोणत्याही कंपनीचा असो.

आता पुतण्याचे. तक्रार कामगारांच्या वागणुकीची असेल, तर कामगारांना विचारल्याशिवाय बहिष्कार पुकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कापड कामगार मेले, तेव्हा बांगलादेशी कपडेच घेऊ नका अशी लाट उठली होती. तिथल्या कामगार संघटनांनी तसे मागितले नाही. त्यांना हवा होता तो इमारतींच्या सुरक्षेचा बंधनकारक करार. तो त्याच वर्षी मे महिन्यात झाला, आणि युरोपातल्या बड्या ब्रँडांनी त्यावर सह्या केल्या. ग्राहकांचा दाब त्या सह्यांसाठी वापरला गेला. तेव्हा पुतण्याला तीन गोष्टी विचारा. वेतनचिठ्ठी मिळते का? भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आहे का, आणि त्यात दर महिन्याला भरणा दिसतो का? कामाचे तास आणि जादा कामाचा दर काय? कंत्राटदार पैसे भरत नसेल तर मूळ मालक कंपनी कायद्याने जबाबदार असते. असे पत्र बाहेरच्या ग्राहकांनी लिहिले तर कामगाराचे नाव पुढे येत नाही. मात्र त्यात त्याचा विभाग, पाळी असला तपशील चुकूनही घालू नका.

एक गोष्ट गोव्यानेच दाखवलेली आहे, ती इथे आठवते. केरी-फोंड्याचा डूपाँटचा नायलॉन ६,६ प्रकल्प १९९५ मध्ये लोकांनी थोपवला, त्यात नीलेश नाईक या तरुणाचा गोळीबारात बळी गेला. त्या लढ्यात बहिष्कार कुठेच नव्हता, असूही शकत नव्हता, कारण नायलॉनचा धागा कोणी पसरकाराकडून (किराणा दुकानदाराकडून) आणत नाही. ज्या कंपनीचा माल तुमच्या फडताळावर येतच नाही, तिथे ग्रामसभा, न्यायालय आणि रस्ता हीच साधने उरतात.

वेष्टनावर 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक', '१०० टक्के विघटनशील' लिहिलेले असते. विश्वास ठेवावा का?
— मडगाव

शब्दावर ठेवू नका, आधार मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'हरित', 'पर्यावरणपूरक' असा दावा केला की पडताळता येईल असा पुरावा वेष्टनावर, क्यूआर कोडने किंवा संकेतस्थळावर द्यावा लागतो. क्यूआर कोड उघडून पाहा. तो नुसता जाहिरातीकडे नेत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. विघटनशील पिशवीचे एक लक्षात ठेवा : ती कारखान्यातल्या खतप्रकल्पात, साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजते. परसातल्या खड्ड्यात टाकलीत तर पुढच्या चतुर्थीला तशीच्या तशी मिळेल.

पामतेलावरच्या 'शाश्वत' शिक्क्याचेही असेच. आरएसपीओ या पामतेल प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या चिन्हाखाली 'मिक्स्ड' लिहिले असेल तर त्या पाकिटातले तेल प्रमाणित मळ्यातलेच असेल असे नाही, प्रमाणित आणि साधे तेल एकत्र मिसळून हिशेब कागदावर जुळवलेला असतो.

सगळे सोडणे जमणार नाही. चार माणसांच्या घरात आधी काय बदलावे? महागही पडू नये.
— म्हापसा

सुरुवात वजनापासून करा. महिनाभराची बिले काढून बघा, जे किलोने आणि लिटरने येते त्यात पैसा असतो. तेल, साबण-पावडर, तांदूळ, मसाला. चॉकलेट सोडून मनाला बरे वाटते, पण हिशेबात ते कुठेच नसते.

मसाल्याला गोव्यात रूढ वाट आहे, पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची. एप्रिल-मे महिन्यात म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात वर्षाचे घ्यायचे. चार माणसांना साधारण तीन-चार किलो सुक्या मिरच्या आणि किलो-दीड किलो सोलां (आमसुले) पुरतात. खोलाची आणि हरमलची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावाने इतर मिरचीही खपवली जाते. विक्रेत्याला कोणत्या वाड्यावरची ते विचारा, पिकवणारी बाई लगेच सांगते. बिघडते ते साठवणुकीत. मिरची हलवल्यावर आतल्या बिया वाजल्या पाहिजेत, देठाशी वाकत असेल तर अजून दोन उन्हे द्या. गरम असताना डब्यात भरलीत तर आत घाम धरतो आणि जुलैत बुरशी. सावलीत निववून, कोरड्या स्टीलच्या डब्यात, आणि महिन्यातून एकदा उघडून बघायचे. बुरशी धरलेली मिरची पुसून वापरू नका, टाकून द्या. ते विष शिजवल्याने जात नाही.

तेलात खोबरेल आधी. कुळागरातले (पोफळी-नारळाच्या बागेतले) किंवा शेजारचे नारळ असतील तर घाण्यावर काढून आणा. एक लिटर तेलाला सुमारे दीड किलो सुके खोबरे लागते, म्हणजे मध्यम आकाराचे दहा-बारा नारळ. खोबरे मोडल्यावर 'कट्' असा आवाज आला पाहिजे. वाकले तर ओलावा आहे, त्याचे तेल महिन्याभरात खवट होते. तेल आणल्यावर तीन-चार दिवस बसू द्या, वरचे निवळ गाळून काचेत किंवा स्टीलमध्ये भरा. विकतचे घेत असाल तर वाटीभर फ्रीजमध्ये ठेवून पाहा. शुद्ध खोबरेल सगळे एकसारखे पांढरे गोठते. वर पातळ थर राहिला तर दुसरे तेल आहे असा संशय घ्या. ही ढोबळ पारख आहे, प्रयोगशाळेची नव्हे.

मिठाबाबत मात्र सांभाळा. हडफड्याच्या, आगरवाड्याच्या आगरांतले (मिठागरांतले) मीठ घेतलेत तर आगर जगते, पण त्यात वरून घातलेले आयोडीन नसते. रोजच्या जेवणाच्या मिठात विक्रीच्या ठिकाणी किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावे असा नियम आहे, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर तो विनोदावारी नेऊ नये. आगराचे मीठ लोणच्याला, मासळी खारवायला, तोरां (कोवळ्या कैऱ्या) मिठात घालायला वापरा. आमटीत आयोडीनयुक्तच.

महागाईबद्दल खोटे सांगत नाही. शँपूची छोटी पुडी मिलीलिटरमागे पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. गरिबाने ती घेतली तर त्याला दोष देता येत नाही. पण ती पुडी अनेक थरांची असते, वितळवून पुन्हा वापरता येत नाही. गोव्यातला असा कचरा कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांत जाळायला पाठवावा लागतो. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलीलिटर दर छापलेला असतो, तो दोन वस्तूंत ताडून बघा. कपडे धुण्याच्या पावडरीत सर्वांत सोपी बचत ब्रँड बदलून होत नाही, माप बदलून होते. पाकिटावरच्या मापाच्या दोन-तृतीयांश घालून दोन धुण्यांत फरक दिसतो का पाहा. बहुतेक घरांत दिसत नाही.

भाजीला फलोत्पादन महामंडळाचे गाडे स्वस्त आहेत, फक्त तिथली बरीचशी भाजी बेळगावकडून येते हे माहीत असू द्या. स्थानिकच हवी तर शुक्रवारी सकाळी लवकर बाजारात जा आणि जमिनीवर पान मांडून बसलेल्या बायांकडून घ्या.

'गोव्याचे काजू' म्हणून पाहुण्यांना दिलेले काजू आफ्रिकेचे असतात असे ऐकले. कसे ओळखायचे?
— वाळपई

ऐकले ते खरे आहे. भारतातले कारखाने आफ्रिकेतून, मुख्यतः आयव्हरी कोस्ट, बेनीन, गिनी-बिसाऊ इथून कच्चे काजू मोठ्या प्रमाणावर आणतात, आणि सोललेल्या गरावर देशाचे नाव लिहिलेले नसते. 'गोवा काजू'ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच कारणाने. पाकिटावर मानांकनाचे चिन्ह आणि अधिकृत वापरकर्त्याचे नाव आहे का पाहा. 'गोवा स्पेशल', 'फ्रॉम गोवा' या शब्दांना काही अर्थ नाही.

पाकिटावरचे डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे गावाचे नसतात, आकाराचे असतात : एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात. आकडा लहान तितका गर मोठा.

खात्रीचा उपाय गणिताचा आहे. एक किलो गराला चार ते साडेचार किलो कच्च्या बिया लागतात. समजा हंगामात बागायतदाराला बियांचा दर किलोला १५० रुपये मिळाला, तर नुसत्या बियांचेच ६०० ते ६७५ रुपये झाले. वर भाजणे, फोडणे, सोलणे, वाळवणे, वाहतूक आणि दुकानदाराचा वाटा. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या दुकानात अख्खे 'गोवन' काजू ७०० ला मिळत असतील तर कोणीतरी कुठेतरी मार खातो आहे. तो बहुधा फोडणारी बाई असते. टरफलातले तेल हातांची कातडी जाळते. कारखान्यात हातमोजे आणि बोटांना लावायला तेल देतात का, हे विचारायला हरकत नाही. छोट्या कारखानदारांपैकी ज्यांच्याकडे लपवण्यासारखे नाही ते आत नेऊन दाखवतात.

आमच्या गावातल्या पसरकाराने आम्ही बहिष्कार घातलेल्या कंपनीचा माल ठेवणे बंद केले नाही, म्हणून काहीजण त्याच्याकडे जाऊ नका म्हणताहेत. बरोबर आहे का?
— काणकोण

नाही. त्याला त्या मालावर रुपयामागे काही पैसे सुटतात, आणि न विकलेला माल वितरक परत घेईलच असे नाही. तुम्ही त्याच्याकडे दुसरा माल मागा, चार गिऱ्हाइकांनी महिनाभर मागितला की तो आपण होऊन ठेवतो. माणसाला, त्यातही विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला वाळीत टाकणे हे बहिष्काराच्या नावाखाली चालवून घेऊ नये. शेजारच्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि गटावर त्याच्याविरुद्ध जे संदेश टाकले जात आहेत ते आधी काढायला सांगा; बदनामीचा दावा कंपनीवर लिहिलेल्या मजकुरावरूनही होऊ शकतो, मग दुकानदाराचे तर नाव-गाव सगळ्यांना ठाऊक असते.